चारशे बारा हजर

त्या शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा क्रांती डबा उघडत होती. कुपवाडला तिच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी एकला होते हे तिच्या वडिलांना, आबांना, ठाऊक होतं, आणि हात धुवायला दहा मिनिटं द्यावीत हेही त्यांनीच ठरवलेलं. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. त्यांच्या फोनवर घड्याळ लावून घ्यावं.

“जेवलीस का गं?”

“बसतेच आहे.”

“बस, बस. रिपोर्ट ऐक आजचा. चारशे बारा हजर, आजारी सात, गैरहजर कुणी न्हाई.”

हजर असायची ती झाडं. दहिवडीपासून अकरा किलोमीटरवर आबांची वाडी, वाडीच्या पाठीशी बोडका माळ, आणि माळावर गावातल्या पोरांनी लावलेली लिंब, करंज, चिंच, हिवर. ज्या श्रावणात सांगलीत कृष्णेचं पाणी क्रांतीच्या इमारतीचा पहिला मजला चढून आलं, त्याच श्रावणात वाडीची जनावरं चारा छावणीत होती आणि प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. मधलं अंतर एसटीनं तीन-साडेतीन तासांचं. ते बघून पोरं पेटली. ‘हवामान बदलाशी लढा’ असं कापडावर रंगवून त्यांनी माळावर खड्डे घेतले. आबा तेव्हा पारावर बसून हसले होते. “लढा म्हणं. आन् रसद कोण पुरवणार, तुझा बा?” असं त्यांनी पोरांचा म्होरक्या शिवतेज याला सगळ्यांदेखत विचारलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात रसद पुरवायला तेच उभे राहिले. निम्मी पोरं मुंबईला हमालीला, कुणी पुण्याला कंपनीत, कुणी भरतीच्या मागे. झाडं मात्र जागच्या जागी. आबांनी प्रत्येक झाडाशेजारी गळ्यापर्यंत एक मडकं पुरलं. एकदा भरलं की ते आठवडाभर मुळाशी पाझरत राहतं. प्रत्येक झाडाला नंबर दिला, आणि नंबर व लावणाऱ्याचं नाव रंगवलेला पत्र्याचा बिल्ला तारेनं अडकवला. सकाळी माळावर जाऊन ते खरोखरच हजेरी घेत. हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण गावाला ते मेजर होते. फौजेतून आलेला कुणीही त्या गावात मेजरच असतो.

“क्रांते,” ते म्हणाले, “पुढल्या आठवड्यात येतीस का चार दिवस? पाण्याची लय वढाताण हाय. शिवतेजला पेट्रोल पंपावर डबल ड्यूटी लागलीया. मडकी भरायला माणूस न्हाई.”

“रजा नाही मिळत आबा. मार्च संपतोय.”

“बरं. रजा न्हाई म्हंजी न्हाई. जेव तू.”

रजा होती. वर्षाला अठरा दिवस मिळत आणि त्यातले बारा-तेरा वाया जात. तिनं मागितलेली नव्हती, एवढंच. रविवारी ती खोलीत पुस्तक घेऊन पडणार होती, सोमवारी पुन्हा निकेलचा मुलामा देण्याच्या टाक्यांतलं पाणी तपासणार होती. माळावर जाऊन आबांच्या शेजारी चार दिवस उभं राहायचं म्हणजे बोलावं लागलं असतं, आणि झाडं सोडून दुसरं काय बोलायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

‘रजा नाही मिळाली’ हे वाक्य मुळात आबांचं. ती लहान असताना ते दर दिवाळीला, दर यात्रेला आंतरदेशीय पत्रातून यायचं, पुढं पुढं शेजारच्या घरच्या फोनवरून. ती सोळा वर्षांची असताना आई दहा दिवस साताऱ्याच्या दवाखान्यात होती, तेव्हाही ते आलं. आबा पोचले ते तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. तिनं त्यांना कधी काही विचारलं नाही. मोठी झाल्यावर ते वाक्य तिच्या तोंडात कधी येऊन बसलं, तिला कळलंही नाही. ती सूड घेत होती असं म्हणणं जरा जास्त होईल.

शनिवारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला नाही. दीड वाजता आला, तो शिवतेजचा.

माळावर दोनशे एकसष्ट नंबरच्या करंजापाशी मडकं भरता भरता आबा खाली बसले होते, ते बसलेच. शिवतेज ड्यूटी संपवून गेला तेव्हा हातात नळी होती आणि पाणी वाहत होतं. “नळी बंद करायचं ध्यानातच आलं न्हाई, ताई,” तो त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुन्हापुन्हा सांगत राहिला. “सगळी टाकी रिकामी झाली बगा. मेजर असते तर हाणलं असतं मला.” चोवीस वर्षांचा, भरतीसाठी कमावलेल्या अंगाचा तो गडी, आणि त्याला रडायला तेवढंच कारण सापडलं होतं.

अग्नी क्रांतीनंच दिला. गावात कुणी काही बोललं नाही.

“शेवटचं काय बोलला गं आकाराम?” शालूबाईआत्यानं विचारलं. आबांची थोरली बहीण, कराडला दिलेली. नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारू लागला.

“जेव म्हणाले,” क्रांती सांगायची. खोटं नव्हतं ते. बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

तिसऱ्या दिवशी सावडताना वाद झाला. आत्या म्हणाली, राख संगमावर न्यायची, आईबापाला तिथंच सोडलं, भावालाही तिथंच. पोरं म्हणाली, नदीत राख सोडायची नाही. आता कितीतरी गावांत राख झाडाला देतात.

“आवं आत्या, मेजर सोताच म्हनायचे, मी माळ सोडून कुठं जात न्हाई,” शिवतेज म्हणाला.

“तुमी पोरं लय शानी झालासा! उद्या मला बी भेंडीच्या बुडात घाला!”

अखेर वाटणी झाली. अस्थींचं गाडगं आत्यानं कराडला नेलं आणि राख माळावर गेली. एक नंबरचा वड आबांनी स्वतः लावलेला होता, चार वर्षांचा, माणसाहून हातभर उंच. त्याच्या आळ्यात पोरांनी तीन पोती राख ओतली. ठेवायची म्हणून जरा बाजूला ठेवली नाही. मेजरांना अर्धवट ठेवायचं कसं? मग प्रत्येकानं वरून एकेक घागर पाणी घातलं. पहिली घागर क्रांतीनं घातली.

बारा वर्षं ती टाक्यांतलं आम्ल आणि क्षार मोजत आली होती. पण हातात घागर होती तेव्हा तिच्या डोक्यात ते आलं नाही.

तेरावं उरकून ती सांगलीला परतली. आता एक वाजून दहा मिनिटांनी ती डबा उघडायची आणि एक वाजून वीस मिनिटांपर्यंत तशीच बसायची. शेजारच्या टेबलावरची अकिला एकदा म्हणाली, “मॅडम, भाजी गार होतीय.” तेव्हापासून ती डबा एक वाजताच उघडू लागली आणि दहा मिनिटांच्या आत संपवू लागली.

एप्रिल सरत आला तेव्हा समीनाचा फोन आला. पोरांच्या गटात कामाला चुकत नसे अशी ही एकच. दहिवडीत तिच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्या-कोठ्यांचं दुकान होतं, आणि चारशे बारा बिल्ले त्या दुकानाच्या कातरणातून तिनं स्वतः कापून रंगवलेले होते.

“ताई, एक नंबर पिवळा पडलाय. पानं कडंनं जळत्यात. शिवतेज म्हणतो ताईला सांगू नको, उन्हाचं असंल. पण बाकीच्यांना ऊन लागत न्हाई व्हय?”

रविवारी पहाटेची विट्याची गाडी धरून, मायणीला बदलून, क्रांती दहाला माळावर होती. वडाखाली पानांचा थर पडला होता. आळ्यात राखेची करडी पापडी धरली होती, वर भेगा. तिनं पर्समधून कारखान्यातल्या तपासणीच्या कागदी पट्ट्यांची डबी काढली, आळ्यातली चिमूटभर माती बाटलीच्या झाकणात पाण्यात कालवली आणि पट्टी बुडवली. पट्टी गर्द निळी झाली, आणि मग जांभळीकडं झुकली.

“म्हंजी काय?” शिवतेजनं विचारलं.

“आपली जमीन आधीच चुनखडीची. त्यात तीन पोती राख, वरून पाणी. चुन्याच्या निवळीत उभं केल्यासारखं झालंय झाड.”

शिवतेजनं डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळली.

“आमी मारलं मेजरचं झाड,” तो म्हणाला.

“पहिली घागर माझी होती,” क्रांती म्हणाली.

शेजारी उभी समीना पट्टीवरचा रंग निरखत होती. मग शिवतेजनं घसा खाकरला. “ताई, एक सांगू का? म्हसवडच्या रोपवाटिकेत असले वड मिळत्यात, एवढ्याच उंचीचे. रातोरात बदलू. बिल्ला त्योच लावू. कुणाला कळायचं न्हाई. मेजर बी तसंच करायचे.”

“काय करायचे?”

“गप की शिवत्या,” समीना म्हणाली. पण ते आता तोंडातून निघून गेलं होतं.

“मुंबईच्या पोरांची झाडं मरायची की, ताई. निम्मी तर पहिल्याच वर्साला मेली. मेजर दुसरं आणून लावायचे आन् बिल्ला त्यालाच. पोरगं फोन करायचं, माजं झाड कसंय? तर, ‘हजर हाय रं गड्या, तुजी वाट बघतंय.’ सांगू नका म्हनायचे कुणाला. आपलं झाड मेलं म्हनल्यावर पोरगं परत गावाकडं बगणार न्हाई.”

“सतरा नंबर?” क्रांतीनं विचारलं.

सतरा नंबरचा लिंब तिचा होता. एका धावत्या भेटीत, परतीच्या गाडीला तासभर असताना तिनं तो लावला होता. त्यानंतर आबा फोनवर सांगत, तुझा लिंब गुडघ्याला आला, कमरेला आला, आता खांद्याला लागला. ती ‘हं’ म्हणायची.

शिवतेजनं समीनाकडं पाहिलं.

“तिसरा हाय त्यो,” समीनाच म्हणाली. “पहिला बिराप्पाच्या शेरडांनी खाल्ला. दुसरा वाळला. तवर मेजर तुमाला कमरंएवढा झालाय म्हणून सांगून बसलेले. मग कमरंएवढा लिंब हुडकत आमी तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. टेप घेऊन सोबत. रोपवाटिकावाला म्हणतो, मेजर, लिंब घेताय का पोरीला स्थळ बघताय?”

शिवतेज हसला. क्रांतीलाही हसू आलं होतं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

“हा बदलायचा नाही,” ती वडाकडं बघत म्हणाली. “राख काढू. वरची माती काढू, शेणखत घालू. आणि खालचा क्षार धुऊन जायला पाणी लागेल. भरपूर.”

“किती?”

“टाकीभर. निदान.”

समीनानं माळाच्या माथ्यावरच्या काळ्या टाकीकडं बोट केलं. “आठवड्याला एक टँकर येतो, ताई. ती टाकी म्हंजी तीनशे मडकी. एका झाडाला तीनशे झाडांचं पाणी द्यायचं?” तिचा आवाज कडक नव्हता, ती खरंच विचारत होती. “तुमी म्हणाल तर देऊ. झाड मेजरचं हाय.”

ऊन चढत होतं. खाली वाडीतून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. उत्तर क्रांतीनंच द्यायचं होतं. तिथं जे उरलं होतं ते तिच्या माणसाचं होतं, आणि ‘द्या’ एवढं म्हणण्याचा अवकाश होता.

“आबांनी दिलं असतं?” तिनं विचारलं.

“न्हाई,” दोघंही एकदम म्हणाले.

“मग टाकीतलं त्याच्या वाटणीचं एक मडकं. वरचं मी घरून आणते. माझ्या अंघोळीचं आणि धुण्याचं.”

“रोज? खालून डोक्यावर? आन् तुमची नोकरी?”

तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. कारखान्यात तिच्या वरचा म्हणजे मालकांचा पुतण्या ऋषिराज. रविवारीही फोन उचलायचा.

“सर, मला रजा हवी आहे. तीन आठवडे.”

“घ्या ना मॅडम! बारा वर्षांत स्वतःहून एवढी रजा पहिल्यांदाच मागताय. दरवर्षी तुमची रजा वाया जाते, मी काकांना नेहमी म्हणतो.” फोनचा आवाज मोठा होता. माळावर वारा पडलेला. शिवतेज आणि समीना हातभर अंतरावर उभी होती. “सध्या एप्रिल-मे तसाही आपल्याला निवांतच असतो. मार्चसुद्धा होता. सावकाश या.”

तिनं फोन ठेवला. शिवतेज कुदळ आणायला म्हणून उतारानं खाली गेला. समीनानं वाकून वाळलेली पानं गोळा करायला सुरुवात केली. दर उन्हाळ्यात, ताईला रजा मिळत नाही, असं मेजरांनी त्यांना सांगितलेलं असणार. कोणत्या आवाजात सांगितलं असेल, ते क्रांतीला ऐकू येत होतं.

घरात आबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. तिनं ती खाली घेतली नाही, सोप्यात सतरंजीवर झोपली. पहाटे दोन घागरी घेऊन माळ चढायचा, एक डोक्यावर, एक कमरेवर. पहिल्या दिवशी अर्धं पाणी अंगावर सांडलं. चौथ्या दिवशी बिराप्पा मेंढरं घेऊन वाटेत आडवा आला आणि म्हणाला, “मेजरची लेक का? चुंबळ नीट घाल की. शेरात राहून डोकं सपाट झालं व्हय?” आणि आपल्या मुंडाशाचं फडकं फाडून चुंबळ वळून दिली. तेवढं बोलणं सोडलं तर पुष्कळ दिवस ती समीना येईपर्यंत एकटीच असे. एक वाजून दहा मिनिटांनी हात आपोआप फोनकडं जाई.

राख खरवडून काढायला पाच दिवस लागले. कुदळ चालवता येत नव्हती. मुळं वरवर होती. खुरप्यानं, मग हातानं. मातीसकट चार पोती भरली. आता ती न्यायची कुठं, हा प्रश्न होता. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, “आण संगमावर. मी तवाच म्हनलं हुतं.” थोड्या वेळानं तिचा पुन्हा फोन आला. “न्हाई तर राहू दे तिकडंच. त्यो माळ सोडून जातो कुठं.”

“एका झाडाला जास्त झालं,” समीना म्हणाली. “समद्यांना थोडं थोडं दिलं तर?”

क्रांतीनं पोत्यातली मूठभर माती सतरा नंबरच्या मातीत मिसळून पट्टी बुडवली. रंग फारसा बदलला नाही. आणखी एक मूठ घातली, पुन्हा बुडवली. “दोन मुठी चालतील,” ती म्हणाली. “त्याच्यावर नाही.”

रविवारी सकाळी तिघं निघाली. शिवतेज बिल्ला वाचायचा, समीना मडक्यात पाणी आहे का बघायची आणि क्रांती खोडापासून वीतभर लांब दोन मुठी राख भुरकवायची. शिवतेजनं दोन नंबरपासून सुरुवात केली, आणि सवयीनं आबांच्या आवाजात ओरडू लागला. दोन, वीरधवल, मुंबई, हजर. तीन, कृष्णात, पिंपरी, हजर. चार, शिवांजली, सासरी, हजर. नाव असणारं कुणीच माळावर नव्हतं. झाडं होती, त्यांतली काही दुसरी, काही तिसरी.

सोळानंतर क्रांतीनं दोन्ही मुठी राखेनं भरल्या आणि ती थांबली.

“तुम्ही पुढं व्हा. पोतं घेऊन जा. मी येते.”

शिवतेज काही विचारणार होता, पण समीनानं त्याच्या पाठीत बोट खुपसलं. दोघं पोतं ओढत उताराच्या पलीकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून अठरा नंबरची हजेरी ऐकू आली.

लिंब तिच्या खांद्याला बरोबर लागत होता. टेपनं मोजून आणलेला, आणि त्यानंतर स्वतः वाढलेला. बिल्ल्यावर तिचं नाव होतं. समीनानं पिवळ्या रंगात काढलेलं, उन्हानं फिकं झालेलं. क्रांती खाली बसली. एका मुठीतली राख तिनं आळ्यात सोडली, मग दुसरीतलीही सोडली. तळवे करडे झाले होते. वरच्या बाजूला एक नंबरचा वड जवळजवळ निष्पर्ण उभा होता. तो जगेल की नाही हे पावसाळ्याशिवाय कळणार नव्हतं. तिची रजा त्याआधीच संपणार होती. मग पुन्हा मागावी लागणार होती.

तिनं मडक्यावर झाकण म्हणून ठेवलेली दगडी चिप बाजूला सारून आत पाहिलं. तळाशी पाणी होतं.

“आबा,” ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, यावेळी मोठ्यानं, पलीकडं ऐकू गेलं तर जाऊ दे अशा आवाजात. “आबा, रजा होती. दरवर्षी होती. मी मागितलीच नव्हती.”